खुळखुळ्याला आयएसआय, पाळण्याला काहीच नाही

प्रति,
महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो, मानक भवन, नवी दिल्ली
आणि
मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. आयएस ९८७३ या मानकामुळे साध्या खुळखुळ्याचीही परीक्षा होते. आदळल्यावर तुकडा सुटतो का, तो घशात अडकण्याएवढा लहान आहे का, कडा बोचते का, रंगातून शिसं बाहेर येतं का, हे सगळं पाहिलं जातं. हे फार चांगलं झालं. पण तो खुळखुळा ज्या पाळण्यात जातो त्या पाळण्याला ही सक्ती नाही, कारण पाळणा हे खेळणं नव्हे. मला हा क्रम उलटा वाटतो. पाळण्यालाही असंच सक्तीचं मानक असावं, म्हणून हे पत्र. मूल खेळतं तेव्हा बहुधा कुणीतरी मोठं माणूस समोर बसलेलं असतं. पाळणा मात्र घेतलाच जातो तो बाळाला त्यात ठेवून आपल्याला हातातल्या कामाला लागता यावं म्हणून. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं. त्यातल्या बऱ्याच वेळात त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं आणि तेव्हा बाळाची सगळी भिस्त त्या चौकटीवर, गादीवर आणि कडीवर असते.

मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून गुणवत्ता तपासणी विभागात काम करून निवृत्त झालो. नातीसाठी पाळणा बघायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं. "तुम्हाला नाहीतरी प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहेच," असं सौ. म्हणाली. मी टेप आणि व्हर्नियर घेऊन दुकानं पालथी घातली. पाळण्याच्या खोक्यावर रंग, कार्टूनची चित्रं, चाकं, डायपर ठेवायचा कप्पा, सगळ्याची माहिती होती. गजांमधलं अंतर किती, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एका पाळण्यावर 'वजनक्षमता २५ किलो' असं छापलं होतं. हे कसं तपासलं, किती वेळ वजन ठेवलं, किती झोके दिले, असं मी विचारलं. दुकानदार हसून म्हणाला, "काका, आता मी बसून दाखवू का?" माणूस वाईट नव्हता. त्याला विचारणारं आजवर कुणी आलंच नव्हतं.

सुरुवात गजांपासूनच करतो, कारण ते सगळ्यात सोपं माप आहे आणि त्याचं उत्तर जगाला अर्ध्या शतकापासून माहीत आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये नियम झाला की पाळण्याच्या दोन गजांमधलं अंतर सव्वादोन इंचांहून थोडं जास्त, म्हणजे ६० मि.मी., याच्यापुढे जाता कामा नये. युरोपचं ईएन ७१६ हे मानक ४५ ते ६५ मि.मी. सांगतं. त्यामागचं कारण बाळाच्या अंगात आहे. बाळाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं. फट रुंद असली तर पाय, मग कंबर, मग छाती असं सगळं अंग बाहेर सरकतं आणि डोकं आत अडकतं. बाळ गळ्यावर लटकतं. त्याला रडायलाही श्वास उरत नाही, म्हणून शेजारच्या खोलीत काही ऐकू येत नाही. आई-वडिलांना वाटतं की फट मोठी असली तर निदान डोकं तरी सुटेल. नेमकं उलट होतं. दुकानांत मी मोजलेल्या काही पाळण्यांत माझी चार बोटं एकत्र, आडवी, आरपार जात होती.

इंटरनेटवर एक सल्ला फिरतो की शीतपेयाचा डबा गजांमधून आरपार जाता कामा नये. तो अमेरिकेतल्या जाड डब्यासाठी आहे. आपल्याकडे आता बारीक, उंच डबे सर्रास मिळतात, त्यामुळे त्या सल्ल्यावर जाऊ नये. सरळ टेप लावावी.

दुसरी गोष्ट गादीची. पाळणा एका कारखान्यातला, गादी दुसरीकडची आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. पाळण्याची कड आणि गादी यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली की त्या खाचेत बाळाचं तोंड जाऊ शकतं. चार महिन्यांच्या बाळाला कुशीवर वळता येतं, पण वळल्यावर मान मागे ओढून घेता येतेच असं नाही. गादी मऊ असली तरी तेच होतं. तोंड रुततं आणि सोडलेली हवाच पुन्हा आत जाते. दुकानदार गादी दाबून दाखवतो, 'बघा किती मऊ', आणि आपण खूश होतो. बाळाला कडक, सपाट गादी लागते, एवढं एक वाक्य पाळण्यावर छापायला किती शाई लागेल? आपल्याकडची पिंजून भरलेली कापसाची गादी आणखी वेगळी. नवी असताना ती छान घट्ट असते. काही महिन्यांनी कापूस गोळा होतो, मधे खळगा पडतो आणि कडेला फट तयार होते. परदेशी मानकाच्या मसुद्यात हा खळगा सापडणार नाही. तो तुम्हालाच लिहावा लागेल.

तिसरी गोष्ट म्हणजे खाली सरकणारी बाजू. बाळंतिणीला वाकावं लागू नये म्हणून पाळण्याची एक बाजू खाली येते. ही सोय म्हणून विकली जाते आणि ऐकायला पटतेही. अमेरिकेत जून २०११ पासून अशा पाळण्यांच्या विक्रीवर बंदी आहे. २००० सालापासून त्या सरकत्या बाजूंमुळे किमान ३२ बाळं दगावल्याचं तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नोंदवलं होतं आणि बंदीच्या आधीच्या पाच वर्षांत ९० लाखांहून अधिक पाळणे परत मागवले गेले होते. दोष लाकडात नव्हता, जोडणीत होता. प्लास्टिकची क्लिप झिजते, एक कोपरा सुटतो, तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट होते आणि बाळ त्यात घसरतं. आपल्याकडे पाळणा एका पिढीत निदान चार घरं फिरतो. आधी थोरल्या मुलाला, मग धाकट्याला, मग आतेबहिणीकडे, मग गावी. प्रत्येक वेळी तो सुटा करून टेम्पोत टाकतात आणि पुन्हा जोडतात. लाकडात थेट मारलेला स्क्रू दोनदा काढला की तिसऱ्यांदा पकड धरत नाही, हे कुठलाही सुतार सांगेल. मानकात अशी चाचणी हवी की पाळणा अनेकदा सोडून-जोडून मग तपासला जाईल. कोरा करकरीत नग प्रयोगशाळेत नेऊन पास करण्यात फारसा अर्थ नाही.

नियम कसे जन्माला येतात, त्याचं एक उदाहरण इथे द्यायला हवं. १९९८ मध्ये शिकागोतल्या एका पाळणाघरात डॅनी कायसर हा दीड वर्षाचाही नसलेला मुलगा घडीच्या पाळण्यात झोपला होता. वरचा दांडा मधोमध दुमडला आणि त्याचा गळा आवळला गेला. तो पाळणा पाच वर्षांपूर्वीच, १९९३ मध्ये, बाजारातून परत मागवलेला होता. पाळणाघराला ते माहीतच नव्हतं. आई-वडिलांनी दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००८ च्या अमेरिकन कायद्यात त्या मुलाच्या नावाचं कलम आलं. आता लहान बाळांसाठीच्या प्रत्येक टिकाऊ वस्तूसोबत नोंदणी-कार्ड द्यावं लागतं, म्हणजे दोष आढळला तर कंपनी थेट त्या घराला कळवू शकते. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक माल परत मागवण्याचे अधिकार प्राधिकरणाला दिले आहेत. पण माल कुणाकडे गेला हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर तो परत कुणाकडून मागवणार?

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कृपा करून आंतरराष्ट्रीय मानक उचलून त्यावर आपला क्रमांक टाकू नका. आयएसओ ७१७५ आहे, युरोपात खाटेसाठी ईएन ७१६ आणि लहान पाळण्यासाठी ईएन ११३० आहे. त्यांतली मापं जरूर घ्या. पण त्या खाटा बहुतेक जमिनीवर चार पायांवर उभ्या असतात. आपली बाळं झुलत झोपतात.

आज मध्यमवर्गीय घरांत जास्त खपतो तो स्प्रिंगचा पाळणा. लोखंडी स्टँड, वर कडी, कडीला स्प्रिंग आणि खाली झिपची जाळी असलेली कापडी पिशवी. काहींना मोटर असते. आई स्वयंपाकघरात आणि पाळणा आपोआप हलतोय. या वस्तूच्या खोक्यावर '० ते २ वर्षं' असं बेधडक छापलेलं असतं. बाळ हात आणि गुडघे टेकून अंग उचलायला लागलं, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमाराला, की असल्या उथळ, झुलत्या पाळण्याचं काम संपलं. अमेरिकेत लहान पाळण्यांवर हाच इशारा छापणं बंधनकारक आहे. त्यानंतर उंच कठड्याचं, स्थिर काहीतरी हवं. दोन वर्षांचं मूल त्यात उभं राहिलं तर स्टँडसकट आडवं होईल. थोरल्या भावंडाने स्टँडला लोंबकळून पाहिलं तर काय होईल, याची चाचणी कुठे होते? स्प्रिंग किती लाख झोक्यांनंतर थकते? एस आकाराची कडी वजनाने किती उघडते? स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोट जाऊ नये म्हणून आवरण आहे का? स्प्रिंग तुटली तर पिशवी धरून ठेवणारी दुसरी दोरी आहे का? कारखान्यात क्रेनच्या हुकाला आम्ही दरवर्षी तपासून शिक्का मारायचो. इथे हुकाखाली बाळ आहे आणि शिक्का कुणाचाच नाही.

शिवाय ती पिशवी सपाट नसते. मधे झोळ पडतो, बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका वाकते. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एका कंपनीची तिरकी झोपण्याची आसनं, तब्बल ४७ लाख नग, परत मागवली गेली. २०२२ च्या कायद्याने तिथे १० अंशांपेक्षा जास्त कललेलं, बाळाला झोपवण्यासाठीचं कुठलंही आसन विकायला बंदी आली. आपल्या स्प्रिंगच्या पाळण्यात बाळ ठेवून तो कोन एकदा मोजा. मानकात तळाला सपाट, कडक फळी सक्तीची केली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आणि झोळी. जुन्या लुगड्याची, आढ्याला नाहीतर झाडाच्या फांदीला बांधलेली. साडीच्या झोळीत खेळताना मोठ्या मुलांच्या गळ्याला पीळ बसून मृत्यू झाल्याच्या घटना आपल्याच न्यायवैद्यक नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तरीही झोळीवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. उसाच्या फडाशेजारी किंवा इमारतीच्या कामावर बाळ जमिनीवर ठेवलं तर मुंग्या, विंचू, साप, कुत्री आहेत. ती आई झोळी बांधते ते हौसेने नव्हे. तिच्यासाठी मानकाचा उपयोग शून्य. तिच्यापर्यंत पोचते ती आशाताई. रुग्णालयात प्रसूती झाली तरी पहिल्या ४२ दिवसांत आशाताईच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. त्या भेटीत वजन होतं, ताप बघितला जातो. बाळ कुठे आणि कसं झोपतं हेही तिने बघावं, एवढी एक ओळ तिच्या कार्डात यावी. झोळी जमिनीपासून कमी उंचीवर बांधा, कापड तोंडावर मिटणार नाही असं आडवं लाकूड घाला, बाळ उतरवलं की झोळी सोडून ठेवा म्हणजे थोरली मुलं तिचा झोका करणार नाहीत. आरोग्य खातं तुमचं नाही, पण पत्र तर तुम्ही पाठवू शकता.

प्राधिकरणासाठी एक वेगळी विनंती आहे. विक्रीच्या संकेतस्थळांवर पाळण्याचे फोटो बघा. प्रत्येक पाळण्यात कडेने कापूस भरलेलं गुबगुबीत आवरण, दोन लोड, एक उशी, जाड दुलई, शिवाय एक टेडी. त्या पसाऱ्यात बाळ शोधावं लागतं. ते कडेचं आवरण, ज्याला बंपर म्हणतात, अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ पासून विकायलाच बंदी आहे. पहिलं वर्षभर बाळाच्या जागेत गादी आणि घट्ट बसवलेली चादर एवढंच असावं आणि बाळाला पाठीवरच झोपवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम घेतली आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आमच्याकडे अजून 'पोटावर झोपवा, गॅस सुटतो' हा सल्ला बाळंतविड्याबरोबरच मिळतो. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी, दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा, पाळण्यावर हाताला लागेल असं चिमणाळं, हे सगळं प्रेमाने येतं. प्रेमाला मी काही बोलत नाही. दोरा पायात बांधावा, चिमणाळं उंच टांगावं आणि बाळ अंग उचलू लागलं की काढून ठेवावं. पण आजीचा गैरसमज आणि कंपनीचा फोटो यांत फरक आहे. कंपनी त्या फोटोवर पैसे कमावते. २०२३ मध्ये सीटबेल्टचा इशारा बंद करणाऱ्या क्लिप तुम्ही ऑनलाइन दुकानांमधून काढायला लावल्या होत्या. तसाच एक आदेश इथे काढा. झोपलेल्या बाळाच्या आसपास उशी, लोड, बंपर असलेली जाहिरात चालणार नाही.

मच्छरदाणीचा मुद्दा मात्र आपला स्वतःचा आहे. डेंग्यू, मलेरियाच्या देशात बाळाला जाळीशिवाय झोपवा असं सांगता येणार नाही. जाळी ताठ, बाळाच्या तोंडापासून लांब आणि पाळण्याला पक्की बांधलेली असावी. तिचं वेगळं प्रकरण मानकात असावं.

रंगाचंही तसंच. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा २०१६ चा नियम आहे. पण तो डब्यातल्या रंगाला आहे. दात येणारं बाळ चघळतं तो पाळण्याचा कठडा. तो नेमक्या कुठल्या डब्यातून रंगवला हे कुणी तपासत नाही.

'गल्लीतल्या सुताराचं काय?' असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. खेळण्यांच्या आदेशातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना २०२० च्या डिसेंबरात सूट दिली गेली. पाळण्यात अशी सरसकट सूट देऊ नका, कारण बाळाच्या मानेला पाळणा कारागिराचा की कारखान्याचा हे कळत नाही. त्याऐवजी कारागिराच्या हातात साधन द्या. आमच्या शॉप फ्लोअरवर गो-नो गो गेज असतो. वाचता न येणाराही तो वापरतो. गेला तर पास, अडकला तर नापास, किंवा उलट. पाळण्यासाठी ६० मि.मी.चा एक साधा लाकडी ठोकळा पुरेल. तो गजांमधून आरपार गेला तर पाळणा विकायचा नाही. सोबत मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये एक पानी आराखडा द्या. गजांचं अंतर, कोपऱ्याचे खांब कठड्याच्या वर काढू नयेत म्हणजे कपडा अडकत नाही, स्क्रूऐवजी नट-बोल्ट वापरावेत. बारशाला भाड्याने येणारा फुलांनी मढवलेला पाळणा या सगळ्यातून खुशाल वगळा. त्यात बाळ 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' होईपर्यंतच असतं आणि भोवती सगळ्या आत्या-मावश्या उभ्या असतात.

सुरक्षित म्हणजे महाग, हाही गैरसमज आहे. फिनलंडचं सरकार १९३८ पासून आयांना बाळाच्या सामानाचा पुठ्ठ्याचा खोका देतं. त्याच्या तळाशी छोटी गादी असते आणि तिथल्या कितीतरी पिढ्या त्या खोक्यात झोपल्या. सपाट, कडक, रिकामा आणि वरून उघडा, एवढं त्याला पुरलं.

मला ठाऊक आहे की सक्ती मानक ब्यूरो स्वतः करू शकत नाही. २०१६ च्या तुमच्या कायद्यातल्या कलम १६ नुसार ती केंद्र सरकारला अधिसूचनेने करावी लागते. पण मसुदा तुम्हीच लिहिता आणि सल्लाही तुमचाच घेतला जातो. सुरुवात जिथे सरकारची स्वतःची पकड आहे तिथून करता येईल. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते. तिथे पहिल्या दिवसापासून फक्त तपासलेले पाळणे असावेत अशी अट घाला. अमेरिकेनेही पाळण्यांचा २०११ चा नियम २०१२ च्या अखेरीस पाळणाघरं आणि हॉटेलांना लागू केला होता. आणि अपघात मोजा. तिथे सुमारे १०० रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून वस्तूंमुळे झालेल्या इजांची नोंद सतत येत राहते, म्हणून कुठल्या वस्तूने किती इजा होतात याचा अंदाज त्यांना सांगता येतो. आपल्याकडे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बिलाच्या तक्रारी जातात, पाळण्याच्या कडीत अडकलेल्या बोटाची तक्रार तिथे करायची असते हे कुणाच्या मनातही येत नाही. तिथे बाळांच्या वस्तूंसाठी वेगळा पर्याय ठेवा आणि ती नोंद दर सहा महिन्यांनी जाहीर करा.

मसुदा तयार झाला की तुमच्या रिवाजाप्रमाणे तो सूचना-हरकतींसाठी खुला होईलच. तेव्हा तो फक्त इंग्रजी-हिंदीत न ठेवता मराठीतही टाका. मी तो वाचीन, टेप घेऊन पुन्हा दुकानं फिरेन आणि काय जुळत नाही ते मापांसकट लेखी कळवीन.

कळावे.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक
चिंचवड, पुणे